राखेचं सिमेंट आणि गावाकडचं घर

 

आज विषय जरा रुक्ष वाटेल, सिमेंटचा. पण परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी दोन विषय कधी ना कधी निघतातच. एक मुलांचं शिक्षण आणि दुसरा गावाकडचं घर. कुणाचं नगरला बांधकाम चालू असतं, कुणाचं रत्नागिरीला. कुणी कोल्हापूरच्या जुन्या घरावर मजला चढवत असतं. मग गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची वाटी हातात असताना कुणीतरी हमखास विचारतं, "अहो, आमचा ठेकेदार राखेचं सिमेंट आणलंय म्हणतो. चालेल का? की भेसळ आहे?"

मी स्थापत्य अभियंता नाही. माझं काम संगणक प्रणालींचं. त्या कामात नियमांचे कागद नीट वाचायची सवय लागते, आणि कुणाचा फायदा कशात आहे हे बघायचीही सवय लागते. या दोन सवयींच्या जोरावर आज बोलतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. राखेचं सिमेंट ही भेसळ नाही. नीट वापरलं तर ते साध्या सिमेंटपेक्षा जास्त टिकाऊ काम देतं. पण ते दोन गोष्टी मागतं, पाणी आणि वेळ. त्या दिल्या नाहीत तर घेतलेला फायदा हातचा जातो.

आधी सिमेंटच्या आत काय होतं ते पाहू. पुष्कळांना वाटतं की सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. या क्रियेतून मुख्यतः दोन गोष्टी तयार होतात. पहिली म्हणजे एक चिकट, अतिशय बारीक जाळीदार पदार्थ. वाळू आणि खडीला धरून ठेवतो तो हाच. दुसरी गोष्ट म्हणजे चुना. हो, आपण पानाला लावतो तोच, विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हा चुनाच असतो. तो ताकदीला फारसा उपयोगी नाही, आणि पाण्यात हळूहळू विरघळतो. गळणाऱ्या स्लॅबच्या खाली पांढरे ओघळ दिसतात ना, तो बाहेर आलेला हाच चुना. हवा लागून तिथे त्याचा पांढरा थर बसतो.

आता या मोकळ्या चुन्याला कामाला लावता आलं तर? राख नेमकं तेच करते. औष्णिक वीज केंद्रात कोळशाची अगदी बारीक पूड करून जाळतात. धुराबरोबर उडणारी राख धुराड्याच्या आधीच यंत्राने पकडतात. हीच फ्लाय ॲश. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या गोट्यांसारखे दिसतात. त्यांत सिलिका आणि ॲल्युमिना असतं. नुसत्या पाण्यात ती राख काही करत नाही. पण पाणी आणि चुना दोन्ही मिळाले की ती चुन्याशी क्रिया करते, आणि त्यातून पुन्हा तोच चिकट, धरून ठेवणारा पदार्थ बनतो. म्हणजे जो चुना पडून राहिला असता, त्याचं बळ होतं. वर बारीक छिद्रंही बुजतात, त्यामुळे पाणी आणि क्षार आत शिरणं अवघड होतं.

ही युक्ती नवी नाही. इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचं गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळून बंदरं बांधत. त्या गावावरून असल्या पदार्थांना पोझोलाना म्हणतात. सिमेंटच्या पिशवीवर 'पोर्टलँड पोझोलाना सिमेंट' लिहिलेलं असतं, ते नाव तिथून आलं. आपल्याकडे भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात घालायची पद्धत होती. किल्ल्यांवर फिरलेल्यांनी चुन्याची घाणी पाहिली असेल. दगडी चर आणि त्यात फिरणारं मोठं दगडी चाक. बैल जुंपून तिथे चुना मळला जायचा.

आणि हीच युक्ती इथे ओमानमध्येही होती. तिचं नाव सारूज. विशिष्ट चिकणमाती घ्यायची, तिच्या वड्या करून वाळवायच्या, खजुराच्या लाकडाबरोबर रचून भाजायच्या, मग कुटून चुन्यात मिसळायच्या. इथल्या किल्ल्यांच्या भिंतींना आणि फलजांना, म्हणजे डोंगरातलं पाणी गावात आणणाऱ्या पाटांना, हाच गिलावा असे. फलजांपैकी पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाण्यात राहून टिकणारा गिलावा नसता, तर हे पाट इतका काळ वाहिले नसते. आपली सुरखी आणि यांचं सारूज दोन्ही भाजलेल्या मातीचेच. समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या गवंड्यांना रसायनशास्त्राची भाषा माहीत नव्हती, पण भाजलेली माती चुन्याला बळ देते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता आजच्या कारखान्यांतून निघणारे पदार्थ बघू. मुख्य तीन आहेत.

पहिली फ्लाय ॲश, तिच्याबद्दल सांगितलंच. दुसरा स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी. झोतभट्टीत लोखंड वितळताना वर मळी तरंगते. ती पाण्याच्या जोरदार झोताने झटकन थंड केली की वाळूसारखे काचेचे दाणे होतात. ते दळून सिमेंटमध्ये घालतात. स्लॅगमध्ये चुन्याचा अंश स्वतःचाच असतो, त्यामुळे त्याचं प्रमाण बरंच जास्त चालतं. भारतीय मानकाप्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग असतो, तर राखेच्या सिमेंटमध्ये राख १५ ते ३५ टक्के. तिसरा पदार्थ सिलिका फ्यूम. सिलिकॉन आणि फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांच्या धुरातून तो पकडतात. त्याचा कण सिमेंटच्या कणापेक्षा सुमारे शंभरपट बारीक. थोडासा घातला तरी काँक्रीट अतिशय दाट होतं. पण तो महाग असतो, आणि पाणी फार मागतो. साध्या घराला त्याची गरज नसते.

महाराष्ट्राला या राखेची ओळख नव्याने करून द्यायला नको. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, एकलहरे, भुसावळ, परळी, ही सगळी कोळशाची वीज केंद्रं. भारतीय कोळशात राख फार, साधारण ३० ते ४० टक्के. म्हणजे शंभर गाड्या कोळसा जाळला की तीसचाळीस गाड्या राख शिल्लक. ती ठेवायची कुठे? तलावात साठवतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला, आणि राखेचं पाणी आसपासच्या शेतांत आणि वस्त्यांत शिरलं. ही राख उघड्यावर राहिली तर नाकातोंडात जाते, विहिरी बिघडवते. तीच स्लॅबमध्ये गेली तर घराला बळ देते. म्हणूनच केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढून वीज केंद्रांवर राखेच्या वापराची जबाबदारी टाकली.

आणि तिचा मोठा वापर आपल्याच राज्यात झाला आहे. अकोले तालुक्यातलं घाटघर. सह्याद्रीच्या कड्यावर एक जलाशय आणि खाली दुसरा. रात्री पाणी वर चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची, असा हा २५० मेगावॉटचा प्रकल्प. त्यातली धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत. भारतात या पद्धतीची धरणं पहिल्यांदा तिथे झाली. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त होती. एवढी राख का? कारण सिमेंट घट्ट होताना तापतं. घराच्या स्लॅबमधून ती उष्णता निघून जाते. धरणाच्या पोटात ती अडकते, मग बाहेरचा भाग थंड आणि आतला गरम राहून भेगा पडतात. राखेची क्रिया सावकाश होते, त्यामुळे उष्णताही कमी आणि सावकाश निघते. मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या काँक्रीटमध्येही फ्लाय ॲश आणि सिलिका फ्यूम वापरले गेले. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आणि खाऱ्या हवेत उभं राहायचं, तर काँक्रीट दाटच हवं.

आता जरा ओमानकडे वळू. इथे वीज मुख्यतः नैसर्गिक वायूवर होते. कोळसा नाही, म्हणून राखही नाही. आखाताला राख आणि स्लॅग बाहेरून आणावे लागतात, आणि त्यात भारताचाही वाटा असतो. पण ओमानचा स्वतःचा एक उपपदार्थ आहे, तांब्याची मळी. चार हजार वर्षांपूर्वी या भूमीला मगन म्हणत, आणि इथलं तांबं मेसोपोटेमियाला जात असे. सोहारच्या डोंगराळ भागात जुन्या काळच्या मळीचे ढीग अजून आहेत. १९८० च्या दशकात सोहारला आधुनिक भट्टी आली, आणि मळीचे नवे ढीग तयार झाले. सुलतान काबूस विद्यापीठातल्या संशोधकांनी ही मळी काँक्रीटमध्ये वाळूच्या जागी घालून पाहिली. अर्ध्यापर्यंत वाळू बदलली तरी ताकद साध्या काँक्रीटच्या तोडीची राहिली. त्यापुढे प्रमाण वाढवलं की ताकद घटली, कारण ही मळी काचेसारखी गुळगुळीत असते, पाणी शोषत नाही, आणि मिश्रणात पाणी मोकळं राहतं. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. प्रत्येक उपपदार्थ एकाच रीतीने उपयोगी पडत नाही. लोखंडाची दळलेली मळी सिमेंटच्या जागी काम करते, तांब्याची ही मळी वाळूच्या जागी. नावात स्लॅग आहे म्हणून दोन्ही सारखे समजायचे नाहीत.

मत्रहच्या समुद्राकाठी संध्याकाळी फिरताना कठड्याच्या लोखंडावरचा गंज बघा. तीच हवा काँक्रीटमध्येही शिरत असते. क्षार सळईपर्यंत पोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि काँक्रीट आतून फोडतो. अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या घरांच्या सज्जांचे खपले पडतात, ते बहुतेक याच कारणाने. अरबी समुद्र एकच आहे, इकडचा काय आणि तिकडचा काय. म्हणून किनाऱ्यावर घर असेल तर राखेचं किंवा स्लॅगचं सिमेंट हा नाइलाज समजू नका. तिथे तेच जास्त शहाणपणाचं.

मग अडचण कुठे येते? अडचण येते घाईत. आकडे बघा. भारतीय मानकाप्रमाणे ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटने तीन दिवसांत किमान २७ मेगापास्कल ताकद दाखवायला हवी आणि २८ दिवसांत ५३. राखेच्या सिमेंटसाठी किमान अपेक्षा तीन दिवसांत १६ आणि २८ दिवसांत ३३. हे किमान आकडे आहेत, बाजारातलं चांगलं सिमेंट याहून पुष्कळ पुढे असतं. पण सुरुवात सावकाश, हे खरं. राखेची क्रिया २८ दिवसांनंतरही महिनोन्‌महिने चालू राहते. मात्र आत ओलावा असेल तरच. काँक्रीट सुकलं की राख नुसती पडून राहते. मग ती खरोखरच भरताड ठरते, आणि लोक म्हणतात, "बघा, राखेचं सिमेंट घातलं म्हणून असं झालं." उलट कमी पाणी मारलेल्या अशा काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो आणि सळईचं संरक्षण कमी करतो.

काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, यावर स्पष्ट बोलतं. साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस ओलं ठेवा. राखेच्या किंवा स्लॅगच्या सिमेंटला कमीत कमी दहा दिवस, आणि शक्यतो चौदा.

चौदा दिवस म्हणजे किती, हे मला आमच्याच घराच्या कामात कळलं. आईवडील सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात राहतात. एप्रिलमध्ये स्लॅब पडला. मी इथून रोज रात्री साडेसातला फोन करायचो, तिकडे तेव्हा नऊ वाजलेले असतात. मी म्हणालो, "अण्णा, चौदा दिवस पाणी उभं ठेवायचं." अण्णा म्हणाले, "अरे, नळाला पाणी आठवड्यातून दोनदा येतंय. शेजारी हंडे घेऊन उभे असतात, आणि आपण स्लॅबवर पाणी साठवायचं? लोक काय म्हणतील?" या प्रश्नाला कुठल्याच मानकात उत्तर नाही. ठेकेदाराचं म्हणणं, पाचसहा दिवस पुष्कळ झाले, पुढच्या कामाला लागू. त्याचंही गणित बरोबर होतं. सेंट्रिंगच्या फळ्या आणि टेकू भाड्याचे, दिवसागणिक भाडं चढतं. त्याचा फायदा वेगात, आमचा फायदा टिकण्यात. घर गळायला लागेल तेव्हा तो दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर असणार.

शेवटी दोन गोष्टी केल्या. पहिले काही दिवस मातीची आळी करून थोडंच पाणी ठेवलं. नंतर स्लॅबभर ओली गोणपाटं पसरली आणि त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून कडेने दगड ठेवले. ओलावा उडून जाईना, म्हणून पाणी पुष्कळ कमी लागलं. टँकर एकदाच मागवावा लागला, आणि त्यातले चार हंडे आईने शेजारी दिले. दुसरी गोष्ट पैशाची. ठेकेदाराचा पुढचा हप्ता स्लॅब ओतण्याच्या दिवसाला न बांधता चौदाव्या दिवसाला बांधला, आणि वाढीव दिवसांचं सेंट्रिंगचं भाडं आम्ही भरलं. वहिनी रोज संध्याकाळी गोणपाट उचलून फोटो पाठवायची. ठेकेदारानेही मग कुरकुर केली नाही, कारण आता वाट पाहण्यात त्याचंही नुकसान नव्हतं. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकलेल्या गोष्टींपैकी मला आयुष्यात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. माणसाला उपदेश करण्यापेक्षा त्याचा हप्ता योग्य दिवसाला बांधावा.

आता ज्यांचं काम चालू आहे किंवा होणार आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी थोडक्यात.

एक. पिशवीचा फोटो मागवा. सिमेंटचा प्रकार, मानकाचा क्रमांक, कोणत्या आठवड्यातलं आणि वर्षातलं उत्पादन, राख किती टक्के, हे पिशवीवर छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी पिशवी असेल तर चाचणी केल्याशिवाय वापरू देऊ नका.

दोन. कामाच्या जागी कुणालाही वरून राख मिसळू देऊ नका. राखेच्या सिमेंटमध्ये ती आधीच मोजून घातलेली असते. आणि बॉयलरची किंवा चुलीची राख म्हणजे फ्लाय ॲश नव्हे. तिच्यात न जळलेला कोळसा असतो, बारीकपणाचा भरवसा नसतो. तयार काँक्रीटच्या गाड्या येणार असतील, तर सिमेंट किती आणि राख किती याचा कागद आधी मागा.

तीन. टेकू कधी काढणार हे लेखी ठरवा. साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवसांनी काढावेत असं मानक सांगतं. सहा मीटरपर्यंतच्या तुळईला चौदा दिवस, त्याहून लांब असेल तर एकवीस. राखेच्या सिमेंटला याहून जास्त दिवस लागू शकतात. थंडीचे दिवस असतील तर आणखी. ते तुमच्या अभियंत्याला विचारा, ठेकेदाराला नव्हे.

चार. पाण्याची सोय आधी करा, स्लॅबचा मुहूर्त नंतर काढा. अक्षय्य तृतीया चांगलीच, पण विहिरीला पाणी नसेल तर पावसाळ्याची उघडीप त्याहून चांगली.

जाता जाता एक गोष्ट. सिमेंट करताना चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजावी लागते, त्यात कार्बन डायऑक्साइड प्रचंड निघतो. म्हणून जितकं सिमेंट राख किंवा स्लॅग घालून वाचवता येईल तितकं बरं. पण कोळशाची वीज केंद्रं पुढेमागे कमी होणार, मग राखही कमी होणार. म्हणून जगभर आता भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घातलेल्या सिमेंटवर काम चाललं आहे. भारताने २०२३ साली त्याचं मानकही काढलं. म्हणजे आपल्या आजोबांची सुरखी आणि ओमानी गवंड्यांचं सारूज प्रयोगशाळेच्या वाटेने परत येतंय. ओमानकडे कोळशाची राख नाही, पण माती आहे, आणि ती भाजायची जुनी विद्याही आहे.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी प्रसाद घेताना कुणी विचारलं, "राखेचं सिमेंट चालेल का?" तर म्हणा, "चालेल, पण पाण्याचं काय ठरवलंय?"